सात दिवसांच्या आत खुलासा

मोठ्या बाईंच्या टेबलावर काचेखाली वेळापत्रक असतं. त्या दिवशी काचेवर एक पाकीट ठेवलेलं होतं आणि ते नेमकं माझ्या शनिवारच्या दोन तासांवर पडलं होतं. बाईंनी ते बोटाने माझ्याकडे सरकवलं. म्हणाल्या, "बसून वाचा."

आत शाळेचं तीन ओळींचं पत्र आणि त्याला टाचलेली एका पालकाची दीड पानी तक्रार. विज्ञानाच्या बाई टोपणनावाने अश्लील कविता लिहितात, कार्यक्रमांतून वाचतात, त्याचं रेकॉर्डिंग मुलांच्या फोनवर फिरतं आहे, अशा बाईंकडे आमच्या मुलांनी आदर्श म्हणून पाहायचं का? शाळेच्या पत्रातलं एक वाक्य मला अजून पाठ आहे. 'शिक्षकी पेशाला न शोभणाऱ्या वर्तनाबाबत आपला लेखी खुलासा सात दिवसांच्या आत सादर करावा.'

१९ वर्षांच्या नोकरीत असलं पत्र पहिल्यांदाच हातात आलं होतं.

कविता इथेच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला उगाच भलतंच काहीतरी वाटत राहील.

जन्मताना तेहतीस,
मोठेपणी सव्वीस.
तुझं बोट मोजत उतरतं
आणि दर वेळी
कमरेपाशी चुकतं.

झालं, एवढीच. अश्लीलतेचा सगळा मुद्देमाल 'कमरेपाशी' या एका शब्दात. आकडे मणक्यांचे आहेत. बाळाच्या पाठीच्या कण्यात ३३ मणके असतात. वाढता वाढता कमरेखालचे पाच जुळून एकच हाड होतं, शेवटचे चार जुळून माकडहाड होतं, म्हणून मोठ्या माणसाच्या कण्यात हाडं भरतात २६. हे मी दर वर्षी नववीला सांगते. "तुमचे अजून जुळायचेत," असंही सांगते, मग वर्गातली निम्मी मुलं पाठीवर हात नेऊन चाचपून बघतात.

दहावीला प्रजननाचा धडाही मीच घेते. फळ्यावर अंडाशय, गर्भाशय, बीजवाहिन्या रंगीत खडूंनी काढते, नावं देते, मुलं खाली माना घालून आकृती उतरवून घेतात. त्याबद्दल आजवर कुणी चिठ्ठीसुद्धा पाठवलेली नाही. आकृतीतलं शरीर कुणाचंच नसतं, म्हणून ते चालतं. कवितेतलं शरीर कुणाचं तरी असतं, आणि ते बाईंचं असेल तर मग पंचाईत.

लिहायला लागले तेव्हा मी ३४ वर्षांची होते. सुरुवातीपासून टोपणनाव घेतलं. कुणी विचारलं की परंपरा सांगायचे. केशवसुत म्हणजे कृष्णाजी केशव दामले, तेही शाळामास्तरच होते, नोकरी आणि कविता दोन्ही सांभाळून गेले, वगैरे. ऐकायला छान वाटायचं. खरं कारण भीती होतं. मुलांच्या वह्यांवर सही करणारी बाई आणि रात्री अकराला ओट्यापाशी उभी राहून पाकिटांच्या पाठीवर ओळी खरडणारी बाई, या दोघींची गाठ पडू नये एवढीच धडपड. सुतांचं नाव तरी वडिलांचं होतं, उघड होतं. माझं नाव निव्वळ पडदा होतं.

आठ वर्षं तो पडदा नीट टिकला. मग एका संध्याकाळच्या वाचनाच्या कार्यक्रमात, पंचविसेक माणसं असतील, कुणीतरी फोन चालू ठेवला. चेहरा दिसत नव्हता, आवाज स्वच्छ होता. तीन आठवड्यांत तो आवाज फिरत फिरत नववीच्या वर्गात पोचला.

आणि आता तो भाग, जो सांगायला मला सगळ्यात जड जातो. तक्रार यायच्या चार दिवस आधी मधल्या सुट्टीत एक मुलगी प्रयोगशाळेत आली. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावर बसणारी. वहीच्या शेवटच्या पानावर ही काहीतरी लिहीत असते हे मला ठाऊक होतं. ते वाचायचं नाही असं मी ठरवलं होतं आणि पाळलंही होतं. मी परीक्षानळ्या धुवून स्टँडला उलट्या लावत होते. ती दारातच थांबली.

"बाई, ती कविता तुमची आहे ना?"

"कुठली कविता?"

"मणक्यांची. तेहतीस-सव्वीसचं तुम्हीच सांगता. बाकी कुणालाच माहीत नसतं."

पुरावा असा, की माझाच धडा मला परत ऐकवलेला. मी नळी लावत म्हटलं, "आवाज पुष्कळांचे सारखे असतात. मी कविताबिविता लिहीत नाही. जा, घंटा होईल."

"सॉरी बाई," म्हणाली आणि गेली. हातातली नळी मी स्टँडला लावायच्या ऐवजी पुन्हा धुतली.

तर असं. पाकीट हातात आलं तेव्हा तक्रारीतल्या 'आदर्श' या शब्दावर मी हसणार होते, पण मला ती दारातली मुलगी आठवली आणि हसू आलं नाही.

सात दिवसांचं काय झालं ते सांगते. पहिल्या रात्री मी चार पानांचा खुलासा लिहिला. रागाने लिहिलेला मजकूर किती वाहता असतो! त्यात केशवसुत घातले. अमेरिकेतल्या त्या शिक्षकाचा खटला घातला, ज्याने शाळामंडळ पैसा कुठे घालतं यावर टीका करणारं पत्र वर्तमानपत्राला लिहिलं, नोकरी गेली, आणि १९६८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. आमच्या इतिहासाच्या सरांनी, जे शिक्षक संघटनेचं काम बघतात, ती चार पानं शांतपणे वाचली आणि चष्मा काढून म्हणाले, "मॅडम, त्याच्या पत्रात शाळेचा पैसा होता. तुमच्या कवितेत कंबर आहे. केस वेगळी." मग म्हणाले, "हे सगळं फाडा. आधी पुरावा मागा."

पुरावा मागायचा असतो हे मला सुचलंच नव्हतं. सरांनी एक जुनी, कोपरे दुमडलेली पुस्तिका आणून दिली. युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी मिळून ५ ऑक्टोबर १९६६ रोजी शिक्षकांच्या दर्जाविषयी एक शिफारस मंजूर केली होती. जागतिक शिक्षक दिन त्या तारखेला पडतो तो त्यामुळेच. कायदा नाही, शिफारसच. पण त्यात लिहिलंय की शिक्षकावर आरोप असतील तर ते आणि त्यांची कारणं त्याला लेखी कळवावीत, पुरावा पाहू द्यावा, बचावाची तयारी करायला वेळ द्यावा. शिवाय शिक्षकाला इतर नागरिकांसारखेच नागरी हक्क असावेत आणि त्याने सार्वजनिक जीवनात भाग घेणं हे शिक्षणाच्याही हिताचं आहे, असंही. मी दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंना एक ओळीचा अर्ज दिला: ध्वनिमुद्रणाची प्रत आणि त्यातला नेमका आक्षेपार्ह भाग कळावा. बाईंनी अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि नोंदवहीत आवक क्रमांक टाकला. मला वाटतं, त्यांना थोडं हायसंही वाटलं असावं. कागदाला कागद मिळाला की त्यांच्यासारख्या माणसांना काम करता येतं.

आक्षेपार्ह भाग कळवला गेला. 'संपूर्ण कविता.'

त्याच रात्री नेमणूकपत्राच्या फाइलमधली आचारसंहिता काढून वाचली. सही करताना वाचली नव्हती, कुणीच वाचत नाही. व्यसन, खाजगी शिकवण्या, लाचलुचपत, राजकीय प्रचार, विद्यार्थ्यांना शारीरिक शिक्षा. साहित्याबद्दल अवाक्षर नाही. 'पेशाला न शोभणारे वर्तन' तेवढं होतं, शेवटून दुसऱ्या कलमात. काय शोभतं याचा मात्र कुठेच पत्ता नव्हता. असल्या कलमांची गोम हीच. त्यात काय बसवायचं हे ज्याच्या हातात पत्र असतं तो त्या दिवशी ठरवतो.

दुसरा मसुदा मी घाबरून लिहिला. 'अनवधानाने', 'भावना दुखावल्या असल्यास', 'यापुढे असे घडणार नाही'. नवऱ्याने वाचून विचारलं, "काय घडणार नाही? कविता?" त्याला उत्तर देता येईना, म्हणून तोही फाडला.

मसुद्यांच्या मधल्या त्या दोन रात्री मी बरंच काहीबाही वाचलं. चार्ल्स डॉजसन हे ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चमध्ये गणिताचे अध्यापक. लुईस कॅरॉल या नावाने १८६५ मध्ये त्यांचं अॅलिसचं पुस्तक आलं आणि जगभर गेलं. अनोळखी माणसांची पत्रं येऊन येऊन त्यांना इतका वैताग आला की १८९० साली त्यांनी चक्क एक छापील पत्रक करून घेतलं. आपल्या नावावर प्रसिद्ध न झालेल्या कुठल्याही पुस्तकाशी किंवा कुठल्याही टोपणनावाशी असलेला संबंध आपण सांगतही नाही आणि मान्यही करत नाही, अशा आशयाचं. मजकूर पुन्हा वाचला तेव्हा लक्षात आलं, माणूस खोटं बोललेला नाही. 'मी लिहिलं नाही' असं त्यात कुठेच नाही. गणितवाल्याने शब्द मोजून वापरलेत. मला हे चार दिवस आधी ठाऊक असतं तर परीक्षानळ्या लावता लावता म्हणता आलं असतं, "शाळेत मी त्याबद्दल बोलत नाही." पाच शब्द. तिला उत्तर मिळालं असतं आणि खोटंही झालं नसतं.

बी.एड.ला असताना मानसशास्त्रात एक प्रयोग होता, अल्बर्ट बंडुरा आणि सहकाऱ्यांचा, १९६१ चा. स्टॅनफर्डच्या बालवाडीतली ७२ मुलं. त्यातल्या काहींच्या समोर एक मोठं माणूस हवा भरलेल्या बाहुलीला हातोड्याने बडवतं, वर काहीतरी बोलतं. मग त्या मुलांना तशाच बाहुलीबरोबर सोडलं तर त्यातली बरीच तसंच बडवतात, बडवताना तेच शब्द वापरतात. परीक्षेत मी यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. आता प्रश्न असा पडला, की माझ्या मुलीने, म्हणजे त्या विद्यार्थिनीने, माझं काय पाहिलं? रेकॉर्डिंगमधली बाई तिच्या समोर नव्हती. समोर होती ती प्रयोगशाळेतली, जी नजर न देता म्हणाली, मी कविताबिविता लिहीत नाही. तीही लिहिते. उद्या तिला कुणी विचारलं तर ती काय म्हणेल, हे मी तिला करून दाखवलं होतं.

तिसरा मसुदा अकरा ओळींचा झाला. कविता माझी आहे. ती शाळेच्या वेळेबाहेर लिहिली आणि प्रौढ श्रोत्यांसमोर वाचली. त्यात शाळा, विद्यार्थी, सहकारी यांचा उल्लेख नाही. ध्वनिमुद्रण माझ्या संमतीशिवाय झालं आणि पसरलं. ते मुलांपर्यंत पोचलं याचं मला वाईट वाटतं आणि पुढे काळजी घेईन. कविता मागे घेणार नाही. आणि शेवटी: याबाबत एका विद्यार्थिनीने मला थेट विचारलं असता मी तिला खोटं उत्तर दिलं. ते माझ्या पेशाला शोभणारं नव्हतं. मी ते दुरुस्त करीन.

मोठ्या बाईंनी शेवटच्या तीन वाक्यांवर पेन्सिलीने हलकी खूण केली. "हे कुणी विचारलेलंच नाही. कशाला आपण होऊन लिहून देता? उद्या सेवापुस्तकात हेच राहील."

म्हटलं, "पेशाला न शोभणारं वर्तन विचारलंय ना बाई? तेवढं एकच सापडलं मला."

त्यांनी खोडरबराने पेन्सिलीची खूण पुसली. बराच वेळ पुसत होत्या.

समितीची बैठक शनिवारी शाळा सुटल्यावर झाली. पाच जण, मी आणि मोठ्या बाई. मी घरून वाद घालायची तयारी करून गेले होते, पण बैठकीत वादच झाला नाही. सगळे जरा अवघडलेले होते. एक बुजुर्ग सदस्य 'कमरेपाशी' हा शब्द उच्चारायचं टाळत "तो शेवटचा भाग" म्हणत होते. एकीने विचारलं, तुम्हाला एवढं छान लिहिता येतं तर निसर्गावर का लिहीत नाही? मी म्हटलं, लिहिते की. मग त्यांनी फाइलमधून एक झेरॉक्स काढली. "ही बघा, ही तुमचीच ना? दोन वर्षांपूर्वीची. किती सुंदर आहे. अशा लिहा ना कविता. ही तर आपण शाळेच्या अंकात घेऊ."

ती शर्टाची कविता होती.

आमच्या शाळेत एक मुलगा होता. वडील गेल्यावर त्यांचे शर्ट घालून यायचा. खांदे दंडापर्यंत उतरलेले, बाह्या दुमडून दुमडून मनगटाशी जाड वळी. मी ते पाहिलं, घरी जाऊन लिहिलं, एका अंकात पाठवलं, छापून आलं. बारा-पंधरा जणांनी फोन केले. कुणी रडलं, कुणी मुलाला कपडे द्यायची तयारी दाखवली. मला स्वतःबद्दल फार बरं वाटलं होतं, हे नमूद करायला हवं.

तो त्या वेळी दहावीत होता. वर्गातल्या सगळ्यांना कवितेतला मुलगा कोण हे कळायला टोपणनाव आड येणार नव्हतं. अंक शाळेच्या वाचनालयात यायचाच. बैठकीत ती झेरॉक्स पाहताना माझ्या डोक्यात लख्ख झालं, की ज्या कवितेवर तक्रार व्हायला हवी होती ती ही. माझ्या शरीराबद्दल मी काय लिहावं हा माझा प्रश्न. त्याचा शर्ट त्याचा होता. मला तो दिसला तो वर्गात, हजेरी घेताना, बाई म्हणून. त्या खुर्चीवरून जे दिसतं ते मी उचलून बाहेर विकलं, आणि आदर्श वर्तनावर बोलायला बसलेल्या पाच माणसांना तेच शोभून दिसत होतं.

तिथे मी एवढंच म्हटलं, की ही अंकात घेऊ नका, कारण मी नंतर सांगेन. त्यांना वाटलं मी रुसले.

शेवटी निकाल असा लागला: तोंडी समज. सेवापुस्तकात नोंद नाही. अटी काही त्यांनी मांडल्या, काही मी. शाळेचं नाव आणि माझा हुद्दा कवितेच्या कुठल्याही कार्यक्रमात, परिचयात यायचा नाही. हे मला मान्यच होतं. विद्यार्थ्यांना माझ्या लेखनाच्या खात्यावर घ्यायचं नाही, हेही. शाळेत कवितेबद्दल विद्यार्थ्यांशी बोलायचं नाही. जरा थांबून हो म्हटलं. जाहीर वाचन बंद. याला नाही म्हटलं. छापायला देण्याआधी कविता मोठ्या बाईंना दाखवायच्या, यालाही नाही. "दाखवीन," मी म्हटलं, "पण वाचक म्हणून. मंजुरीला नाही." मोठ्या बाई पहिल्यांदाच बोलल्या. "मला मंजुरी द्यायला लावू नका हो. मला कवितेतलं कळत नाही." त्या वाक्याने माझं जेवढं काम केलं तेवढं युनेस्कोने केलं नाही.

एक सांगते, समितीची बाजू मला पूर्ण परकी वाटली नाही. चौदा वर्षांच्या मुलाने एकदा ऐकलेला आवाज त्याच्या कानातून काढता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी 'गुरुत्वाकर्षण' म्हटलं तरी मागच्या बाकावर खसखस पिकत होती. दोन आठवडे पिकली. मी दुर्लक्ष केलं, तास जरा अवघड घेतले, घटक चाचणी लवकर लावली. चाचणीपुढे कुठलीच खसखस टिकत नाही. पण ते दोन आठवडे वर्गाचे गेले, ते माझ्यामुळे गेले.

मुलीशी बोलायचं राहिलं होतं. एकटीला बोलवायचं नाही असं ठरवलं, उगाच तिच्यावर दडपण नको. पुढच्या आठवड्यात प्रात्यक्षिकाच्या तासाला ती शेवटची सामान परत करायला आली. दार उघडं, बाहेर व्हरांड्यात मुलं. मी तिच्याकडे बघून म्हटलं, "त्या दिवशी तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले. तुझं बरोबर होतं."

"माहितीये बाई," ती म्हणाली. रागाने नाही. भिंगांची पेटी मोजत होती, सहाच्या सहा आहेत ना ते बघत.

"शाळेत त्याबद्दल बोलायचं नाही असं मी कबूल केलंय. म्हणून पुढे बोलणार नाही. पण खोटंही बोलणार नाही."

तिने मान हलवली. "एक भिंग कमी आहे," म्हणाली. मग ते ओट्याखाली सापडलं.

मुलाला शोधायला जास्त वेळ लागला. तो शाळा सोडून गेला होता, कुठेतरी दुकानात काम करून पुढचं शिकत होता. एका जुन्या विद्यार्थ्याकडून निरोप पाठवला, आणि रविवारी तो स्वतःच भेटायला आला. त्याच्या मापाचा शर्ट घातलेला होता, तेवढं आधी पाहिलं मी, आणि पाहिलं म्हणून स्वतःचाच राग आला. मी माफी मागितली. न विचारता लिहायला नको होतं, म्हटलं. तो खाली बघत राहिला. मग म्हणाला, "आईला आवडली होती. तिने कापून ठेवलीय." थोड्या वेळाने, "मला नव्हती आवडली. पोरं मला 'बाही' म्हणायला लागली होती." तो निघताना मी विचारलं, ती कुठे पुन्हा छापू नये ना? "आईकडची राहू द्या," म्हणाला. "बाकी नको." मी ती कविता वाचत नाही, संग्रहात घेतली नाही, आणि इथेही दोन ओळींच्या पलीकडे तिचं काही सांगू नये हे लिहिता लिहिता कळतंय, म्हणून थांबते.

मग सात महिने काही सुचलं नाही. सुचलं नाही म्हणजे सुचायचं, पण प्रत्येक ओळीआधी दीड पानी तक्रारीतला तो पालक डोक्यात येऊन खुर्ची ओढून बसायचा. 'ओठ' लिहिलं की घसा खाकरायचा. 'उशी'वर सुद्धा त्याचा आक्षेप. त्याला घालवायचा उपाय मला सापडला तो अगदीच शाळामास्तरी: मी त्याला वेळापत्रक दिलं. लिहिताना त्याने यायचं नाही. लिहून झालं, महिनाभर वहीत पडलं, की मग यायचं, आणि त्याला दोनच प्रश्न विचारायची मुभा. ही गोष्ट दुसऱ्या कुणाची आहे का? त्याला विचारलंस का? बाकी तोंड उघडलं तर वर्गाबाहेर. हल्ली तो बराच शिस्तीत असतो.

बाकीची व्यवस्था किरकोळ आहे. लेखनाचं खातं वेगळं, त्याला माझा शाळेतला फोन नंबर जोडलेला नाही. कार्यक्रमाआधी आयोजकांना सांगते, रेकॉर्डिंग नको. तरी कुणी करणारच हे धरून चालते आणि जे पसरलेलं चालणार नाही ते तिथे वाचत नाही. टोपणनाव ठेवलंय, सवयीचं झालंय म्हणून. पण संग्रहाच्या आतल्या पानावर खरं नाव आहे, सहा पॉइंटात का होईना. परिचयात व्यवसाय लिहिलेला नाही. एक प्रत मोठ्या बाईंना दिली. चार दिवसांनी त्यांनी वेळापत्रकाची काच पुसता पुसता सांगितलं, की मधल्या बऱ्याच कळल्या नाहीत, पण मणक्यांची वाचून त्यांनी आरशात पाठ बघायचा प्रयत्न केला, मान अवघडली. त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुरस्कारच.

परवा नववीच्या, आता दहावीच्या, चाचणीचे पेपर तपासत होते. मागच्या वर्षीची उजळणी म्हणून एक मार्काचा प्रश्न घातला होता: मानवी पाठीच्या कण्यातील हाडांची संख्या लिहा. बहुतेकांनी ३३ लिहून सोडून दिलं होतं. खिडकीजवळच्या तिसऱ्या बाकावरचा पेपर आला. 'जन्मतः ३३, प्रौढपणी २६. (मोजताना चूक होऊ शकते.)'

मी लाल पेन खाली ठेवलं. पुन्हा उचललं. कंसावर तिरकी रेघ मारून समासात लिहिलं, 'उत्तराचा भाग नाही', आणि मार्क पूर्ण दिला.